डेंग्यूचं एनएस१ प्रथिन दाह कसा पेटवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. ‘एनएस१ पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात घेतलेल्या घरच्या मंडळींकडून, आणि सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान शिकताना याच प्रथिनावर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून. दोघांचीही उत्तरं एकाच रेणूपाशी येऊन थांबतात, म्हणून ती इथे एकत्र दिली आहेत. पेशंट आत्ता घरात असेल तर आधी प्रश्न ९ आणि १२ वाचा, बाकीचं सवडीने. प्रयोगाच्या अडचणी प्रश्न १७ पासून पुढे आहेत.

१. दाह म्हणजे नेमकं काय? ताप आला म्हणजेच दाह झाला का?

दाह ही शरीराने स्वतःहून केलेली हालचाल आहे. धोक्याची खूण मिळाली की पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं सोडतात. त्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात आणि रक्तातला द्रव व पांढऱ्या पेशी ऊतींमध्ये उतरतात. सूज, लाली आणि ठणका यातूनच येतात.

ताप हा या साखळीचा एक परिणाम. आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ ही सायटोकाइनं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला इशारा देतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ तयार होतं आणि शरीर आपलं तापमान वर नेतं. पॅरासिटामॉल या शेवटच्या पायरीवर काम करतं, सायटोकाइनची निर्मिती त्याने थांबत नाही. म्हणून ताप उतरला याचा अर्थ दाह संपला असा होत नाही. डेंग्यूत हा गैरसमज महागात पडतो (प्रश्न ९).

२. विषाणू आत आलाय हे उपजत प्रतिकारशक्तीला कळतं कसं? तिने तो आधी पाहिलेलाही नसतो.

ओळख विषाणूची नसते, तो ज्या मालाचा बनला आहे त्या मालाची असते. ही कल्पना चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडली. आपल्या पेशींत काही रिसेप्टर जन्मापासूनच असतात. त्यांतले टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे टीएलआर, माणसात दहा आहेत. टीएलआर३ दुहेरी आरएनए पकडतो, ७ आणि ८ एकेरी आरएनए, ९ हा डीएनए. हे चारही पेशीच्या आत, एन्डोसोम नावाच्या पिशव्यांमध्ये असतात. टीएलआर२, ४ आणि ५ पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर. याखेरीज पेशीद्रवात आरआयजी-आय व एमडीए५ हे आरएनएवर, तर सीजीएएस हा डीएनएवर पाळत ठेवतो.

३. पुस्तकांत तर विषाणूचं आरएनए ओळखलं जातं असं असतं. मग प्रथिनाचा संबंध कुठे आला?

पुस्तकातलं बरोबरच आहे. डेंग्यूतही इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या सायटोकाइनचा, मोठा भाग आरएनए ओळखल्यामुळेच तयार होतो. पण आरएनए ओळखण्यासाठी विषाणू पेशीत शिरावा लागतो किंवा पेशीने तो गिळावा लागतो. बाहेर स्रवणाऱ्या प्रथिनाला ही अट नाही. ज्या पेशीला विषाणूचा स्पर्शही झालेला नाही तिलाही ते जागं करू शकतं. डेंग्यूच्या अनेक पेशंटमध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तराला फारसा संसर्ग दिसत नाही, तरी वाहिन्या गळतात. हे कोडं वर्षानुवर्षं होतं आणि एनएस१कडे लक्ष गेलं ते त्यामुळे.

४. एनएस१ हे प्रथिन आहे तरी कसं?

डेंग्यूचं आरएनए सुमारे १०,७०० न्यूक्लिओटाइडचं आहे. त्यातून दहा प्रथिनं तयार होतात: विषाणूचा कण घडवणारी तीन आणि कणात न बसणारी सात. या सातांपैकी पहिलं ते एनएस१. त्यात ३५२ अमिनो आम्लं असतात. १३० आणि २०७ या जागांवरच्या अॅस्परॅजिनला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात, आणि सहा डायसल्फाइड बंध त्याला घट्ट धरून ठेवतात.

पेशीच्या आत ते जोडीने, डायमर म्हणून राहतं आणि विषाणूच्या प्रती काढायला मदत करतं. बाहेर पडताना तीन जोड्या एकत्र येऊन साधारण ३१० किलोडाल्टनचा हेक्सामर होतो. त्याच्या पोटात सुमारे ७० लिपिड रेणू असतात, त्यामुळे रचनेत तो एचडीएलच्या कणासारखा दिसतो. आजाराच्या पहिल्या दिवसांत तो रक्तात मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमपासून काही मायक्रोग्रॅमपर्यंत सापडतो. बाहेर फिरणाऱ्या प्रथिनासाठी हे प्रमाण भरपूर आहे. डासालाही ते उपयोगी पडतं: रक्तातलं एनएस१ डासाच्या पोटातला अडथळा कमी करतं आणि विषाणूचं फावतं.

५. टीएलआर४ तर जिवाणूंच्या एलपीएससाठी असतो ना? विषाणूचं प्रथिन तिथे काय करतं?

हा प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने टीएलआर४ हाच एलपीएसचा, म्हणजे जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातल्या मेद-साखरेच्या रेणूचा, रिसेप्टर असल्याचं दाखवलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. पण टीएलआर४ एकटा काम करत नाही. त्याच्यासोबत एमडी-२ नावाचं छोटं प्रथिन असतं. त्यातल्या तेलकट खोबणीत एलपीएसच्या मेदाम्लांच्या शेपट्या बसतात. सीडी१४ हा आणून देणारा मदतनीस.

२०१५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पॉल यंग यांच्या आणि बर्कलीत इव्हा हॅरिस यांच्या, एकाच वेळी शोधनिबंध दिले. एनएस१मुळे मानवी रक्तपेशींतून टीएलआर४मार्फत सायटोकाइन बाहेर पडतात आणि अस्तराच्या पेशींचा थर गळू लागतो. टीएलआर४ अडवला की परिणाम घटतो. उंदरांमध्येही गळती कमी झाली. त्याआधी एका गटाने टीएलआर२ आणि टीएलआर६चं नाव घेतलं होतं. ते एनएस१ ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं होतं. २०१७ मध्ये हा दावा तपासून टीएलआर४च खरा असल्याचं दाखवण्यात आलं. प्रथिन कुठल्या पेशीत बनवलं यावर उत्तर कसं फिरतं, ते प्रश्न १७ मध्ये सविस्तर आहे.

६. टीएलआर४ जागा झाल्यावर आत काय घडतं? क्रमाने सांगा.

दोन टीएलआर४ रेणू जवळ येतात आणि त्यांच्या आतल्या टोकांना टायरॅप व माय-डी८८ चिकटतात. माय-डी८८वर आयआरएके४ आणि आयआरएके१ जमतात, पुढे टीआरएएफ६ आणि टीएके१. टीएके१ आयकेके नावाच्या एन्झाइमला चालू करतं. एरवी एनएफ-कप्पा-बी हा घटक आयकप्पाबी नावाच्या प्रथिनाने पेशीद्रवात अडकवून ठेवलेला असतो. आयकेके आयकप्पाबीवर फॉस्फेट लावतं, ते प्रोटिएसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, मोडीत निघतं आणि मोकळा झालेला एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन टीएनएफ, आयएल-६, आयएल-८ यांची जनुकं चालू करतो.

रिसेप्टर एन्डोसोममध्ये ओढला गेला की ट्रॅम आणि ट्रिफ यांच्यामार्फत दुसरी वाट सुरू होते. त्यातून आयआरएफ३ आणि इंटरफेरॉन बीटा.

प्रयोगात वेळा पाळा. टीएनएफचं एमआरएनए तासाभरात वाढतं, प्रथिन काही तासांत शिखर गाठतं. आयएल-६ उशिरा येतं आणि २४ तासांनाही चांगलं मोजता येतं. फक्त २४ तासांचा नमुना घेऊन ‘टीएनएफ वाढलंच नाही’ असं लिहिणारे बरेच भेटतात.

७. आयएल-१ बीटा या यादीत का नाही?

कारण त्याला दोन इशारे लागतात. एनएफ-कप्पा-बीमुळे फक्त त्याचं कच्चं रूप तयार होतं. ते कापून बाहेर सोडायला इन्फ्लमासोम हवा: एनएलआरपी३ हा रिसेप्टर, एएससी हा दुवा आणि कॅस्पेज-१ ही कात्री. पेशीतून पोटॅशियम बाहेर जाऊ लागलं की एनएलआरपी३ जागा होतो. कॅस्पेज-१ मग गॅसडर्मिन डी-लाही कापतं, त्याचे तुकडे पेशीच्या पडद्याला भोकं पाडतात आणि पेशी फुटून मरते.

उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशींत) नुसतं एनएस१ किंवा एलपीएस देऊन आयएल-१ बीटा मिळाला नाही तर गोंधळू नका. पहिल्या इशाऱ्यानंतर ५ मिलिमोलर एटीपी अर्धा तास किंवा १० मायक्रोमोलर निजेरिसिन द्या. मानवी ताज्या मोनोसाइटचं (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) मात्र वेगळं आहे. त्या एकट्या एलपीएसवरही आयएल-१ बीटा सोडतात.

८. मग रक्तवाहिन्या गळतात त्या सायटोकाइनमुळे की थेट एनएस१मुळे?

दोन्हींमुळे, आणि या दोन वाटा एकमेकींपासून बऱ्याच स्वतंत्र आहेत.

रक्तवाहिनीच्या अस्तरावर आतल्या बाजूने ग्लायकोकॅलिक्स नावाचा थर असतो, गालिच्याच्या लवेसारखा. सियालिक आम्ल, हेपरन सल्फेट आणि सिंडेकॅन-१ हे त्याचे मुख्य घटक. प्लाझ्मातली अल्ब्युमिनसारखी प्रथिनं आत राखण्यात याचा मोठा हात आहे. एनएस१ अस्तराच्या पेशीला चिकटतं, आत ओढलं जातं आणि त्याच पेशीची एन्झाइमं उठवतं: सियालिडेज, कॅथेप्सिन एल आणि त्याने सक्रिय केलेलं हेपरनेज. ती लव कापली जाते. सिंडेकॅन-१चे तुकडे रक्तात वाहू लागतात, आणि डेंग्यूच्या पेशंटच्या रक्तात त्यांची वाढलेली पातळी मोजलीही गेली आहे.

२०१७ मध्ये बर्कलीच्या गटाने उंदराच्या त्वचेत हे तपासलं. सायटोकाइनशिवायही गळती झाली, पण हेपरनेज आणि कॅथेप्सिन एल अडवल्यावर ती थांबली. २०७ व्या जागेची साखर काढून टाकलेलं एनएस१ पेशीला चिकटतं, पण आत जात नाही आणि गळतीही करत नाही. म्हणजे नुसतं चिकटणं पुरेसं नाही.

म्हणून ‘सायटोकाइनचं वादळ’ हा शब्द डेंग्यूसाठी अपुरा वाटतो. वादळ पूर्ण शमवलं तरी एक वाट उघडीच राहते.

९. ताप उतरल्यावर पेशंट बिघडतो, असं का म्हणतात?

ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान उतरतो आणि प्लाझ्माची गळती त्याच सुमारास जास्तीत जास्त होते. हा धोक्याचा काळ बहुधा २४ ते ४८ तासांचा असतो. द्रव रक्तवाहिन्यांतून पोटात आणि फुप्फुसाभोवती जातो, रक्त दाट होतं. सीबीसीमध्ये पीसीव्ही, म्हणजेच हिमॅटोक्रिट, मूळच्या तुलनेत २० टक्के वाढला तर गळती ठळक आहे असं धरतात.

पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थता, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात जा. ताप नाही म्हणून थांबू नका.

जाणकार इथे एक अडचण काढतात, आणि ती खरी आहे: रक्तातलं एनएस१ तर ताप उतरेपर्यंत कमी होऊ लागलेलं असतं, मग गळती उशिरा का? एक भाग असा की गळती दिसते त्याहून आधी सुरू होते. सोनोग्राफीत काही मुलांमध्ये ताप उतरण्याच्या दोन दिवस आधीच पाणी दिसलं आहे. दुसरा भाग असा की या काळात टी पेशी, मास्ट पेशींतून येणारं कायमेज आणि अँटिबॉडीशी बांधलेलं एनएस१ हेही मैदानात असतात. एकट्या एनएस१वर सगळा दोष टाकता येत नाही.

१०. किटवर एनएस१ची रेषा खूप गडद आली. आजार गंभीर आहे का?

असं सांगता येत नाही. रॅपिड किट फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगतं. २००२ मध्ये थायलंडमधल्या मुलांच्या अभ्यासात आजाराच्या पहिल्या ७२ तासांत मिलिलिटरला ६०० नॅनोग्रॅमहून जास्त मोकळं एनएस१ असलेल्यांत रक्तस्रावी डेंग्यूचा धोका जास्त दिसला होता. पण ते मोजून केलेलं काम होतं, रेषेच्या रंगावरून नव्हे. पेशंटवर लक्ष ठेवण्यासाठी पीसीव्ही, प्लेटलेट, रक्तदाब आणि लघवीचं प्रमाण जास्त कामाचं.

११. एनएस१ निगेटिव्ह आलं, म्हणजे डेंग्यू नाही?

दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, दिवस मोजण्यात. एनएस१ची एलायझा पहिल्या पाच दिवसांत करायची, त्यानंतर आयजीएमची, म्हणजे संसर्गात आधी तयार होणाऱ्या अँटिबॉडीची, मॅक-एलायझा. सरकारी केंद्रांना तिची किट पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था पुरवते. सातव्या दिवशी एनएस१ करून ‘निगेटिव्ह’ म्हणणं निरर्थक आहे. दुसरी, आधी कधी डेंग्यू झालेला असणं. तेव्हा जुन्या अँटिबॉडी एनएस१ला लवकर बांधून टाकतात आणि चाचणीच्या अँटिबॉडीला पकडायला मोकळं प्रथिन उरत नाही. नेमका याच लोकांना धोका जास्त (प्रश्न १५).

१२. त्रास दाहामुळेच आहे तर स्टेरॉइड किंवा आयबुप्रोफेन का देत नाहीत?

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणि अॅस्पिरिन प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात आणि जठराला इजा करतात. प्लेटलेट आधीच घसरलेल्या असताना रक्तस्रावाचा धोका वाढवायचा नाही. तापाला पॅरासिटामॉल: मुलांना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, २४ तासांत तीन-चार वेळांपेक्षा जास्त नाही, मोठ्यांना दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. डेंग्यूत यकृतही दुखावलेलं असतं, म्हणून ‘ताप उतरत नाही’ म्हणून दर दोन तासांनी गोळी देणं घातक.

स्टेरॉइडचं उत्तर प्रयोगातून आलं आहे. व्हिएतनाममध्ये २२५ मुलं व तरुणांना आजाराच्या सुरुवातीला तीन दिवस तोंडाने प्रेडनिसोलोन किंवा नकली गोळी दिली. २०१२ मध्ये निकाल आला: शॉक किंवा इतर गुंतागुंत कमी झाली नाही. प्रश्न ८ मधली दुसरी वाट लक्षात घेतली तर याचं फार आश्चर्य वाटायला नको.

१३. प्लेटलेट का घसरतात? आणि पपईच्या पानांचा रस?

अस्थिमज्जेत निर्मिती मंदावते आणि रक्तात नाश वाढतो. प्लेटलेटवरही टीएलआर४ असतो. एनएस१ने त्या सक्रिय होतात, एकमेकींना चिकटतात आणि साफ केल्या जातात. पण डेंग्यूत जीव बहुतेकदा जातो तो गळतीमुळे, प्लेटलेटच्या आकड्यामुळे नव्हे. सिंगापूर आणि मलेशियात प्रौढांवर झालेल्या चाचणीत (२०१७) २०,००० किंवा त्याखालच्या प्लेटलेटला खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट दुष्परिणाम वाढले. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रक्तस्राव नसताना ही मर्यादा १०,००० आहे. पपईच्या रसाने आकडा थोडा वर आला तरी गळती थांबत नाही, आणि त्या कडू रसाने उलट्या वाढल्या तर नुकसानच.

१४. टीएलआर४ बंद करणारं औषध नाही का?

प्रयोगशाळेत आहेत: टीएके-२४२, एरिटोरान, एलपीएस-आरएस. एरिटोरान जिवाणूजन्य सेप्सिसच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं. डेंग्यूसाठी यातलं एकही मान्यताप्राप्त नाही. दुसरी दिशा एनएस१लाच अँटिबॉडीने बांधायची. २०२१ मध्ये २बी७ आणि १जी५.३ या दोन अँटिबॉडींचे उंदरांमधले चांगले निकाल आले. एनएस१ कणाच्या अंगावर नसल्यामुळे या अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरायला मदत करत नाहीत, हा त्यांचा मोठा फायदा.

१५. दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू जास्त धोकादायक का?

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्या वेळच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. अँटिबॉडीचं शेपूट मोनोसाइटवरच्या एफसी रिसेप्टरमध्ये अडकतं आणि विषाणू आयता आत जातो. जास्त पेशी बाधित, म्हणून जास्त विषाणू आणि जास्त एनएस१. निकाराग्वातल्या मुलांच्या दीर्घ अभ्यासातून २०१७ मध्ये दिसलं की धोका सर्वांत जास्त अँटिबॉडीच्या मधल्या पातळीला असतो. खूप कमी किंवा भरपूर असतील तेव्हा नाही. पहिल्याच संसर्गात गंभीर होणारी सहा ते बारा महिन्यांची बाळंही याच हिशोबात बसतात: आईकडून आलेल्या अँटिबॉडी तोवर ओसरून नेमक्या मधल्या पातळीवर आलेल्या असतात.

१६. डेंग्यूच्या लशीत एनएस१ असतं का? मग लस दाह करणार नाही?

लशीप्रमाणे उत्तर बदलतं. डेंगवॅक्सियाचा सांगाडा पीतज्वराच्या लशीचा, त्यामुळे त्यात डेंग्यूचं एनएस१ नाहीच. पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत या लशीमुळे पुढचा आजार गंभीर होऊ शकतो, हे २०१७ मध्ये जाहीर झालं. एनएस१ नसणं हे त्यामागचं एक संभाव्य कारण मानलं जातं. क्यूडेंगाचा सांगाडा डेंग्यू-२चा, म्हणून एनएस१ फक्त त्या प्रकाराचं. टीव्ही००३ या लशीच्या मिश्रणात डेंग्यू १, ३ आणि ४ यांचं. भारतात पॅनेशिया बायोटेक आणि आयसीएमआर यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू केलेली ‘डेंगीऑल’ याच घराण्यातली.

दुर्बल केलेला विषाणू कमी वाढतो, त्यामुळे एनएस१ही आजाराच्या मानाने नगण्य. हातावर दोन दिवस राहणारी सूज हा उपजत प्रतिकारशक्तीचा अपेक्षित प्रतिसाद. तिच्याशिवाय अँटिबॉडी नीट तयारच होत नाहीत.

१७. एनएस१ टाकल्यावर मॅक्रोफेजमध्ये आयएल-६ वाढलं. आता ‘एनएस१ टीएलआर४ला जागं करतं’ असं लिहू का?

अजून नको. या विषयातल्या निम्म्या वादांचं मूळ एलपीएसच्या भेसळीत आहे. हिशोब करून पाहा. बाजारातल्या अनेक प्रथिनांवर ‘मायक्रोग्रॅममागे १ एंडोटॉक्सिन युनिटहून कमी’ असं छापलेलं असतं (एंडोटॉक्सिन म्हणजे एलपीएसच). प्रयोगात मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम वापरलं तर १० युनिटपर्यंत. एक युनिट म्हणजे सुमारे ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम एलपीएस. मॅक्रोफेज पेटवायला हे भरपूर आहे. मानवी मोनोसाइटना याच्या दहाव्या हिश्शातही जाग येते. लेबल खरं आणि निष्कर्ष खोटा, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

किमान एवढं करा. एनएस१ सस्तन प्राण्याच्या एचईके२९३ किंवा कीटकाच्या एस२ पेशींत बनवलेलं घ्या, ई. कोलायमधल्याला साखर नसते, घडणही बिघडते. एंडोटॉक्सिन स्वतः मोजा, आणि मोजताना नमुन्यात ठरावीक एलपीएस मिसळून ते ५० ते २०० टक्क्यांत परत मिळतं का पाहा. प्रथिन एलपीएसला झाकत असेल तर चाचणी खोटी स्वच्छ येते. तोच नमुना उकळून एक तुकडी आणि प्रोटिनेज-के देऊन एक तुकडी ठेवा: प्रथिन नष्ट होतं, एलपीएस टिकतं. काचेवरचं एलपीएस घालवायला कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास लागतो. ऑटोक्लेव्हवर भिस्त ठेवू नका. पॉलिमिक्सिन बी मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम असलेली तुकडी हवी, आणि शुद्ध एलपीएसलाही तेच पॉलिमिक्सिन देऊन ते काम करतंय हे दाखवा. शेवटी, एनएस१विरुद्धच्या अँटिबॉडीने ते ओढून काढल्यावर परिणाम जातो का, हे पाहा. सगळ्यांत बोलका पुरावा हाच.

१८. पॉलिमिक्सिन देऊनही परिणाम राहिला. आता तरी खात्री?

नाही. पॉलिमिक्सिन फक्त एलपीएस बांधतं, तेही मर्यादेत; सीरमच्या उपस्थितीत त्याची ताकद कमी होते. जिवाणूंची लिपोप्रथिनं टीएलआर२वर आणि फ्लॅजेलिन टीएलआर५वर बसतात, त्यांना ते हात लावत नाही. टीएलआर४ घातलेल्या एचईके रिपोर्टर पेशी (मार्ग चालू झाला की मोजता येणारी खूण देणाऱ्या) वापरत असाल तर टीएलआर४ नसलेल्या मूळ पेशींची तुकडी शेजारी हवीच, कारण एचईके पेशींत टीएलआर३ आणि टीएलआर५ मुळातच असतात. टीएके-२४२ने परिणाम गेला तर मार्ग टीएलआर४चा हे सिद्ध होतं, पण चालना एनएस१ची की एलपीएसची हे त्यातून कळत नाही. ही गल्लत छापील निबंधांतही दिसते.

उलट बाजूही आहे: परिणाम मिळालाच नाही, तर एनएस१ पुन्हा पुन्हा गोठवून-वितळवून गुठळ्या झाल्या का पाहा. अस्तराच्या थराचा विद्युतरोध मोजताना फक्त २४ तासांनी पाहिलंत तर काहीच दिसणार नाही; तो काही तासांत घसरतो आणि साधारण दिवसभरात सावरतो.

१९. इतर कोणत्या विषाणूंची प्रथिनं असं करतात?

पहिलं उदाहरण २००० सालचं, आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूचं एफ प्रथिन, टीएलआर४ आणि सीडी१४वर. त्यावर पुढे वाद झाले. गोवराच्या जंगली विषाणूचं हिमॅग्लुटिनिन टीएलआर२ला जागं करतं, लशीच्या विषाणूचं नाही, आणि ४८१ व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललं की हा गुण जातो. इबोलाच्या बाधित पेशींतून सुटणारं जीपी टीएलआर४वर बसतं. इन्फ्लुएंझाचं एम२ वेगळ्या वाटेने जातं: ते आयनांची वाहिनी आहे आणि गॉल्जीतून प्रोटॉन हलवून एनएलआरपी३ला उठवतं. कोविडच्या विषाणूचं ई प्रथिन टीएलआर२मार्फत काम करतं. त्याच्या स्पाइकबद्दलचे निकाल वाचताना प्रश्न १७ हाताशी ठेवा. स्पाइक एलपीएसला बांधून त्याचा परिणाम वाढवतं असं दिसलं आहे.

२०. झिकालाही एनएस१ आहे. मग झिकात पेशंट शॉकमध्ये का जात नाही?

एनएस१ डेंग्यू-झिकाच्या कुळातल्या, म्हणजे सगळ्या फ्लेविव्हायरसमध्ये असतं, पण ते कुठल्या अस्तराला चिकटेल हे विषाणूगणिक बदलतं. डेंग्यूचं एनएस१ फुप्फुस, त्वचा, नाळ, मेंदू आणि यकृत अशा सगळ्या अस्तरांवर परिणाम करतं. झिकाचं मुख्यतः नाळेच्या आणि मेंदूच्या, वेस्ट नाइल आणि जपानी एन्सेफलायटिसचं मेंदूच्या. त्या त्या आजाराचा रोख पाहिला तर हे जुळतं.

निदानात मात्र अडचण राहते. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला. डेंग्यू आणि चिकुनगुन्याही तिथेच, त्याच मोसमात होते. डेंग्यू आणि झिकाचे आयजीएम एकमेकांच्या चाचणीत पॉझिटिव्ह येऊ शकतात. गरोदर बाईला ताप आणि पुरळ असेल, एनएस१ निगेटिव्ह आणि डेंग्यूचं आयजीएम पॉझिटिव्ह असेल, तर तिथेच न थांबता रक्त आणि लघवी दोन्हींचे नमुने झिकाच्या आरटी-पीसीआरसाठी पाठवायला सांगा.